रिंगमध्ये उतरण्याआधी किंमत सांगा : महंमद अलीच्या निमित्ताने

माननीय संपादक महोदय,

३ जून हा अमेरिकन हेवीवेट बॉक्सर महंमद अलीचा स्मृतिदिन. दरवर्षी या सुमारास तेच चार किस्से पुन्हा छापून येतात : सायकल चोरीला गेल्यामुळे बॉक्सिंगकडे वळणे, नदीत भिरकावलेले सुवर्णपदक, किन्शासाचे सैल दोर आणि व्हिएतनाम युद्धात जायला नकार दिल्यामुळे भोगलेला तुरुंगवास. सायकलीचा किस्सा खरा आहे. बाकीच्या तिन्हींत थोडी-फार भेसळ आहे. गोव्यात याच दिवसांत उन्हाळी शिबिरांतून नव्याने बॉक्सिंगला लागलेली मुले-मुली पावसाळी सरावाला बसतात आणि त्यातल्या निम्म्यांच्या मोबाइलवर अलीचे चित्र असते. त्यांच्यासाठी आणि त्याहून अधिक त्यांच्या आईवडिलांसाठी हे पत्र आहे. आम्ही या खेळात शिकवणारे, सामन्यांना रेफ्री म्हणून उभे राहणारे आणि रिंगशेजारी वैद्यकीय पेटी घेऊन बसणारे लोक आहोत.

आमचे म्हणणे एकच आहे. अलीच्या आयुष्यात दोन मोठे निर्णय झाले. पहिल्या वेळी त्याला काय भोगावे लागेल ते आधी स्वच्छ सांगितले गेले होते. दुसऱ्या वेळी कागद समोर असूनही कुणी ते नीट सांगितले नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत आपण या दुसऱ्या वेळेसारखे वागतो आहोत.

पहिली वेळ २८ एप्रिल १९६७ ची. गोव्यात जनमत कौल झाला तेच हे वर्ष. ह्यूस्टनच्या भरती केंद्रात तरुणांना रांगेत उभे केले जाई, नाव पुकारले की एक पाऊल पुढे टाकायचे. ते पाऊल पडले की माणूस सैन्यात दाखल झाला. अलीचे जुने नाव, कॅशियस क्ले, पुकारले गेले. तो जागचा हलला नाही. तेव्हा एका अधिकाऱ्याने त्याला वेगळ्या खोलीत नेऊन समजावले, की हा गुन्हा आहे आणि त्याला ५ वर्षांपर्यंत कैद व १०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. त्याला परत आणून पुन्हा नाव पुकारले. तो पुन्हा हलला नाही. मग त्याने नकाराचे कारण लिहून सही केली. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाने त्याचा परवाना स्थगित केला आणि जगज्जेतेपदही काढून घेतले. २० जून रोजी न्यायालयाने जास्तीत जास्त शिक्षा दिली : पूर्ण ५ वर्षे, पूर्ण १०,००० डॉलर.

तो पळाला नाही. त्या काळात कितीतरी तरुण कॅनडात निघून जात होते. हा मात्र केंद्रावर स्वतः हजर झाला, नकार दिला आणि पुढचे सगळे कायद्याच्या चौकटीत लढला. पोर्तुगीजांची बंदी मोडून झालेली राममनोहर लोहियांची १८ जून १९४६ ची मडगावची सभा ज्यांच्या घरात सांगितली जाते त्या गोमंतकीय वाचकाला हा प्रकार अनोळखी वाटणार नाही. बंदी मोडणारा सत्याग्रही लपून बसत नसतो. शिक्षा काय आहे ते जाणून तो समोर उभा राहतो.

नकाराबद्दल अली तुरुंगात गेला, ही चूक तर जवळजवळ सगळीकडे दिसते. शिक्षा झाली, पण अपील चालू असल्याने त्या शिक्षेतला एकही दिवस त्याने कोठडीत काढला नाही. पारपत्र जप्त झाले, त्यामुळे परदेशात लढता येईना. परवाना नाही, त्यामुळे देशात लढता येईना. २२ मार्च १९६७ ला झोरा फोलीला हरवल्यानंतर त्याची पुढची लढत झाली ती २६ ऑक्टोबर १९७० ला, अटलांटात. मधले ४३ महिने, वयाच्या पंचविशीपासून अठ्ठाविशीपर्यंतचे, बॉक्सरच्या पायांचे सर्वांत चांगले दिवस, गेले ते गेलेच. अटलांटाच का, तर जॉर्जिया राज्याला बॉक्सिंगचा राज्यस्तरीय आयोगच नव्हता; शहराची परवानगी पुरेशी होती. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या वकिलांनी निराळा मार्ग काढला. आयोगाचे जुने दप्तर तपासून त्यांनी गुन्हे सिद्ध झालेल्या ज्या माणसांना पूर्वी परवाने दिले होते त्यांची यादीच न्यायालयासमोर ठेवली. ती दोनशेच्या वर होती. खुनाचे आणि सैन्यातून पळाल्याचे गुन्हेही तिच्यात होते. मग एकट्या अलीलाच का नाही, या प्रश्नाला आयोगाकडे उत्तर नव्हते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २८ जून १९७१ चा निकाल अलीच्या बाजूने ८ विरुद्ध ० असा लागला, पण त्याचा अर्थही नीट सांगितला जात नाही. युद्धाला सदसद्विवेकाने विरोध करणाऱ्याला सूट मिळण्यासाठी तीन कसोट्या होत्या : विरोध सर्व युद्धांना हवा, तो धार्मिक शिकवणुकीतून आलेला हवा आणि तो प्रामाणिक हवा. १९६६ मध्ये केंटकीच्या एका निवृत्त न्यायाधीशाने अलीची सुनावणी घेऊन सूट द्यावी अशी शिफारस केली होती. तरी न्याय खात्याने अपील मंडळाला कळवले, की तो तिन्ही कसोट्यांत बसत नाही. मंडळाने कारण न देता अर्ज फेटाळला. सर्वोच्च न्यायालयापुढे सरकारनेच मान्य केले, की दुसऱ्या आणि तिसऱ्या कसोटीबद्दलचे आपले म्हणणे टिकत नाही. मंडळाने कारण लिहिले नसल्यामुळे त्याने कोणत्या कसोटीवर नकार दिला ते कळायला मार्ग नव्हता. तेव्हा शिक्षा रद्द. म्हणजे अली जिंकला तो एका कोऱ्या रकान्यामुळे. न्यायाधीशांचा कल आधी ५ विरुद्ध ३ असा त्याच्या विरोधात होता, हेही आता सर्वज्ञात आहे. लेखी कारण किती मोलाचे असते हे पाहायला याहून चांगले उदाहरण नाही. संमतीपत्राबद्दल आम्ही पुढे लिहिणार आहोत, तेव्हा ही गोष्ट ध्यानात असू द्यावी.

आता रिंगमधल्या अलीकडे येऊ. १९६४ मध्ये सनी लिस्टनला हरवणारा बावीस वर्षांचा अली आणि १९७० नंतरचा अली हे दोन वेगळे बॉक्सर होते. पहिल्याला मार लागतच नसे. ६ फूट ३ इंच उंचीचा हेवीवेट पायांच्या चवड्यांवर तीन-तीन मिनिटे फिरतो, डावा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, मारून समोरचा ठोसा येण्याआधी जागा सोडतो, असे तोपर्यंत कुणी पाहिले नव्हते. हात खाली, कमरेजवळ. ठोसा आला की तो वाकून किंवा बाजूला होऊन न चुकवता डोके सरळ मागे घ्यायचे. आजची मुले हेच उचलतात, आणि हेच त्यांना आम्ही पहिल्या दिवशी सोडायला लावतो.

कारण सांगतो. डोके मागे नेले की शरीराचा भार टाचांवर जातो. टाचांवर उभा असलेला माणूस बाजूला पाऊल टाकू शकत नाही. त्याला आधी भार पुन्हा पुढे आणावा लागतो. तेवढ्यात दुसरा ठोसा येतो. सरळ आलेला जॅब मागे झुकल्याने चुकतो, पण त्याच्या पाठोपाठ पाऊल पुढे टाकून मारलेला डावा हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) बरोबर हनुवटीपाशी पोचतो, आणि हात खाली असल्याने अडवायला काहीच नसते. ८ मार्च १९७१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधराव्या फेरीत जो फ्रेझरने अलीला पाडले ते डाव्या हुकनेच. अलीची नजर आणि प्रतिक्रियेचा वेग असामान्य होता, म्हणून ती चूक त्याला इतकी वर्षे पचली. पाय मंदावल्यावर पचेनाशी झाली. शिकणाऱ्या मुलाने अलीचे पाय घ्यावेत, हात घेऊ नयेत : उजवी मूठ गालाला टेकलेली, डावी भुवईच्या उंचीवर, हनुवटी खाली, कोपरे फासळ्यांना लागलेली. आधी महिनाभर ठोसा न मारता नुसती पावले. पुढच्या दिशेला पुढचा पाय आधी, मागे जाताना मागचा आधी, पाय एकमेकांजवळ आणायचे नाहीत की ओलांडायचे नाहीत. कंटाळवाणे असते. पण अलीनेही वयाच्या बाराव्या वर्षी लुईव्हिलच्या तालमीत पाऊल ठेवले तिथपासून रोमच्या ऑलिंपिक सुवर्णापर्यंत सहा वर्षे हौशी स्पर्धांतच काढली होती.

सुवर्णपदकाचेही सांगून टाकतो. ते ओहायो नदीत फेकले ही कथा त्याच्या आत्मकथनामुळे पसरली. नंतरच्या चरित्रकारांनी आणि जवळच्या लोकांनी ते हरवले असेच सांगितले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याला दुसरे पदक देण्यात आले. हॉटेलात नाकारलेला प्रवेश आणि कातडीच्या रंगावरून मिळालेली वागणूक मात्र अगदी खरी होती. तिच्या सत्यतेसाठी नदीची गरज नाही.

३० ऑक्टोबर १९७४ च्या किन्शासाच्या लढतीबद्दल लिहिताना हात आखडतो, कारण ती इतकी देखणी होती आणि तिने इतके नुकसान केले. समोर पंचवीस वर्षांचा जॉर्ज फोरमन, ४० पैकी ४० लढती जिंकलेला, त्यातल्या ३७ नॉकआउटने. अलीला पूर्वी हरवलेल्या फ्रेझर आणि केन नॉर्टन दोघांनाही त्याने दुसऱ्याच फेरीत संपवले होते. अली बत्तीस वर्षांचा. दोर मुद्दाम सैल केले होते असे म्हणतात. उष्णतेने ते सैलावले होते, आणि अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी आपण ते घट्ट करायला गेलो होतो असेच सांगत राहिला. अली दोरांवर रेलला, कोपरांनी फासळ्या आणि मनगटांनी चेहरा झाकला, डोके दोरांच्या पलीकडे इतके मागे नेले की फोरमनचे लांब वळणाचे ठोसे टोकाशी येऊन बळ हरवत. फोरमन जवळ आला की मान धरून खाली दाबायची, आणि मधूनच सरळ ठोसे चेहऱ्यावर. आठव्या फेरीत फोरमन पडला.

हे जमले, कारण लढत १५ फेऱ्यांची होती. प्रतिस्पर्ध्याला दमायला वेळ होता. आपल्याकडे मुले खेळतात त्या सामन्यात फक्त ३ फेऱ्या असतात. दोरांवर रेललेल्या मुलाच्या विरोधात पाचही परीक्षक गुण देतात, रेफ्री आठपर्यंत मोजतो आणि पुन्हा तसेच झाले तर सामना थांबवतो. थांबवायलाच हवा. शिवाय दोरांवर अडवलेला प्रत्येक ठोसा अडतोच असे नाही. अलीच्या डॉक्टरने, फर्डी पाचेकोने, नेमके हेच नंतर सांगितले : पुनरागमनानंतर अलीला आपण मार सहन करू शकतो हे कळले, आणि हे कळणेच वाईट ठरले. पेनसिल्व्हेनियातल्या डिअर लेक इथल्या आपल्या सराव छावणीत तो साथीदारांना मुद्दाम अंगावर घेई आणि मारू देई. सामन्यांतले ठोसे मोजता येतात. सरावातले कुणी मोजले नाहीत.

फ्रेझरविरुद्धची १ ऑक्टोबर १९७५ ची मनिलाची लढत गोव्यातल्या आयोजकांनी खास लक्षात घ्यावी. ती सकाळी पावणेअकराच्या सुमारास, कारण अमेरिकेत तेव्हा रात्र होती आणि प्रक्षेपण तिकडे जायचे होते. धातूच्या छपराचे बंदिस्त सभागृह, खच्चून गर्दी, वर दिव्यांची धग. चौदाव्या फेरीनंतर फ्रेझरच्या प्रशिक्षकाने, एडी फचने, त्याला स्टुलावरून उठूच दिले नाही. अलीही त्या अवस्थेत पुढची फेरी खेळू शकला असता की नाही, याबद्दल आजही वाद आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये, दुपारी अडीचला, पाहुणे येईपर्यंत मुलांना हातमोजे घालून बसवून ठेवून सामने घेतले जातात. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणजे अंग थंड होत नाही. सरावाआधी आणि नंतर वजन करावे. ५० किलोच्या मुलाचे वजन सरावात १ किलोहून जास्त उतरले, तर तो त्या दिवशी पुढे स्पॅरिंग (साथीदाराबरोबर सरावाची लढत) करणार नाही. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर पाणी, पुढच्या काही तासांत, थोडे थोडे. एक लिटर पाण्यात ओआरएसचे एक पाकीट किंवा मीठ घातलेले कोकम सरबत चालते. वजन बसवण्यासाठी प्लॅस्टिकचे जाकीट घालून धावणे, आदल्या दिवसापासून पाणी तोडणे, जुलाबाच्या गोळ्या हे सर्व बंद करावे. मूल वजनात बसत नसेल तर वरच्या गटात खेळेल.

आणि मग दुसरा निर्णय. सप्टेंबर १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सबरोबरच्या १५ फेऱ्यांनंतर पाचेकोने अलीच्या मूत्रपिंडांच्या तपासणीचा अहवाल अलीला आणि त्याच्या जवळच्यांना पाठवला. उत्तर आले नाही. तो काम सोडून गेला. १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सकडून हरून आणि त्याच वर्षी त्याला हरवून अली १९७९ मध्ये निवृत्त झाला आणि १९८० मध्ये लॅरी होम्सशी लढायला परत निघाला. तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. परवान्यासाठी मेयो क्लिनिकमध्ये तपासणी झाली. एका पायावर उड्या मारताना अपेक्षित चपळता दिसत नाही, नाकाला बोट लावताना नेम किंचित चुकतो, अशा नोंदी त्या अहवालात होत्या. पण लढण्यास मनाई करावी असे ठोस काही आढळले नाही, असेही त्यातच होते. नेव्हाडाच्या आयोगाने परवाना दिला. वजन उतरवण्यासाठी त्याला थायरॉइडचे औषध दिले गेले; त्याने शरीर सडपातळ दिसले, पण दम आणि घाम दोन्ही बिघडले. २ ऑक्टोबर १९८० रोजी दहा फेऱ्या होम्स मारत राहिला आणि अली उभा राहिला. दहाव्यानंतर डंडीने लढत थांबवली. पुढच्या वर्षी बहामात ट्रेव्हर बर्बिकशी शेवटची लढत झाली. तिथे फेरीची घंटासुद्धा नव्हती. गुरांच्या गळ्यात बांधतात तसली घंटा आणून वाजवली गेली. ६१ लढती, ५६ विजय, ५ पराभव, आणि १९८४ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, पार्किन्सनचे निदान.

हा आजार डोक्यावरच्या माराने झाला की तसाही झाला असता, यावर तज्ज्ञांत एकमत नाही, आणि अमुक ठोशाने झाला असे लिहिणारे चुकतात. पण नाकाला बोट लावण्याची चाचणी १९८० मध्येच झाली होती. १९६७ मध्ये ज्या स्वच्छपणे ‘पाच वर्षे, दहा हजार डॉलर’ सांगितले गेले, त्या स्वच्छपणे १९८० मध्ये ‘तुझे बोलणे जड होते आहे, पुढच्या माराने ते आणखी जड होऊ शकते’ असे त्याच्यासमोर बसून, लिहून, सही घेऊन सांगितले गेले असते, तर कदाचित त्याने तरीही लढायचे ठरवले असते. तो त्याचा अधिकार होता. सांगणे हे इतरांचे काम होते.

आपल्या शिबिरांच्या आणि स्पर्धांच्या संमतीपत्रांवर बहुधा एकच वाक्य असते : खेळताना इजा झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत. तेही इंग्रजीत. आईवडील सही करतात, आणि कशावर सही केली हे त्यांना ठाऊक नसते. आमची मागणी अशी, की तालुका व शालेय पातळीपासून हे पत्र मराठीत आणि कोकणीत असावे आणि त्यात किंमत लिहिलेली असावी. डोक्याला मार बसून मेंदूला धक्का बसू शकतो. बेशुद्ध न पडताही बसतो. हेडगार्डने भुवई फुटणे, कान सुजणे टळते, मेंदूचा धक्का टळत नाही, कारण धक्का डोके गर्रकन फिरल्याने बसतो आणि हेडगार्ड ते फिरणे थांबवत नाही. पुरुषांच्या वरिष्ठ आंतरराष्ट्रीय सामन्यांतून तो २०१३ मध्ये काढला गेला. मुलांसाठी तो हवाच, पण तो घातला म्हणजे जोरात मारायला हरकत नाही, हा समज घातक आहे. हे सर्व त्या कागदावर असावे. प्रशिक्षकाने ते वाचून दाखवावे, मुलाने आपल्या शब्दांत परत सांगावे, मग सही.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला सरावाची नोंद ठेवता येते. चौदा वर्षांखालील मुलांच्या स्पॅरिंगमध्ये डोक्याला ठोसा नको, फक्त खांदा आणि पोट, तेही स्पर्शापुरते. मोठ्या मुलांचे जोराचे स्पॅरिंग आठवड्यातून एकदा पुरे. १४ ते १६ औंसांचे हातमोजे, गमशील्ड दाताला नीट बसलेली, वजनातला फरक कमी. प्रत्येकाच्या नावापुढे तारीख, फेऱ्या, आणि डोक्याला लागलेला जोराचा ठोसा किती वेळा, एवढे तीन रकाने. वही १५ रुपयांची असली तरी चालते. अलीच्या बाबतीत जे कुणी मोजले नाही ते इथे मोजले जाईल.

ठोसा लागून मूल गोंधळले, पाय लटपटले, एकच प्रश्न दोनदा विचारू लागले, तर त्या दिवशी खेळ संपला. ‘पाणी मार, बरा होईल’ हे म्हणणे सोडले पाहिजे. तपासायला साधी पद्धत आहे : पाच शब्द सांगा आणि पाच मिनिटांनी परत विचारा, टाच-अंगठा जोडून सरळ रेषेत दहा पावले चालायला लावा, डोळे मिटून स्वतःच्या नाकाला बोट लावायला सांगा. हे सगळे जमले तरीही घरी एकटे पाठवू नका. मेंदूच्या आवरणाखाली शीर फाटून हळूहळू रक्त साचते तेव्हा मूल आधी चालत-बोलत असते आणि तासा-दोन तासांनी कोसळते. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, एक बाहुली मोठी दिसणे, एका बाजूच्या हातापायाची शक्ती जाणे, आकडी यांपैकी काहीही झाले तर लगेच १०८. मेंदूची शस्त्रक्रिया बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात होते. काणकोणहून ते अंतर ६०-६५ किलोमीटर आहे. म्हणून सामना चालू असताना रुग्णवाहिका दारात हवी, फोन केल्यावर यायला नको, आणि ती एखाद्याला घेऊन गेली तर दुसरी येईपर्यंत पुढचा सामना सुरू करू नये. यावरून आयोजकांशी दरवेळी वाद होतो. डोक्याच्या माराने सामना थांबला असेल तर किमान ३० दिवस स्पर्धा आणि स्पॅरिंग दोन्ही बंद. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणे, मग हलके धावणे, मग बॅगवर काम, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. त्रास परत जाणवला तर एक पायरी मागे. शेवटी डॉक्टरांची लेखी परवानगी.

पावसाळ्याचे एक सांगायचे राहते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हातमोजे वाळत नाहीत. ओला मोजा जड होतो, आतला फोम दबून कडक होतो आणि मारणाऱ्याच्या मुठीची हाडे समोरच्याला थेट लागतात. सरावानंतर मोजे उघडून आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, तासाभराने बदलावेत, आणि पंख्याखाली तोंड खाली करून टांगावेत. पिशवीत कोंबून ठेवू नयेत. दर पंधरा दिवसांनी ठोशाच्या जागी अंगठा दाबून पाहावा. आतले बोट जाणवले की तो मोजा यापुढे फक्त बॅगवर.

व्यावसायिक लढतींच्या जाहिराती आता गोव्यातही दिसू लागल्या आहेत. अमेरिकेत २००० साली अलीच्या नावाने कायदा झाला. प्रवर्तकाने लढतीतून आपण किती पैसे घेतो ते बॉक्सरला कळवले पाहिजे, प्रवर्तकाने बॉक्सरच्या व्यवस्थापकाच्या व्यवहारात हितसंबंध ठेवू नयेत, असे त्यात आहे. तो कायदा इथे लागू नाही. पण एखाद्या मुलाला मानधन देऊ करणारा माणूस आला, तर किती फेऱ्या, कोणत्या वजनात, रुग्णालयाचा आणि सीटी स्कॅनचा खर्च कोण करणार, विमा कुणाच्या नावे, एवढे लेखी मागायला कायदा लागत नाही.

अलीचे सगळेच घ्यावे असेही नाही. फ्रेझरला त्याने गोरिला म्हटले, तेही त्या फ्रेझरला ज्याने त्याला परवाना परत मिळावा म्हणून मदत केली होती. २००१ मध्ये अलीने जाहीरपणे माफी मागितली. आपल्या मुलांनी रिंगमध्ये प्रतिस्पर्ध्याला हिणवायला सुरुवात केली की ‘अली पण करायचा’ हे उत्तर तयार असते. ती माफीही त्यांना सांगायला हवी. आणि १९८० च्या जानेवारीत तो भारतात आला होता, दिल्लीत पंजाबच्या कौर सिंगबरोबर चार फेऱ्यांचा प्रदर्शनीय सामना खेळला होता, हेही सांगावे. आपल्याच देशाच्या एका बॉक्सरने त्याच्यासमोर उभे राहून पाहिले, हे मुलांना ऐकायला आवडते.

क्रीडा खाते, गोवा क्रीडा प्राधिकरण, बॉक्सिंग संघटना आणि शाळांचे शारीरिक शिक्षक यांना विनंती, की पुढच्या तालुका स्पर्धांच्या प्रवेशअर्जाबरोबर हे नवे संमतीपत्र जोडावे. मजकूर तयार करण्याचे काम आम्ही विनामूल्य करू. त्यात शेवटची ओळ ही असावी : मूल कोणत्याही क्षणी थांबतो म्हणाले तर सामना थांबेल, कारण विचारले जाणार नाही, आणि ते म्हणत नसेल, तर टॉवेल फेकून सामना थांबवण्याचा अधिकार कोपऱ्यातल्या प्रशिक्षकाचा आहे. तो टॉवेल प्रशिक्षकाच्या खांद्यावर हवा, बादलीत नको.

आपले विश्वासू,
बार्देश, तिसवाडी व सासष्टी तालुक्यांतील काही बॉक्सिंग प्रशिक्षक, रेफ्री व रिंगसाइड डॉक्टर